दिसलाच नाहीत तुम्ही

नळस्टॉपच्या थोडं अलीकडे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीचं दार उघडलं आणि मी रस्त्यावर आडवी झाले. दार लागलं हँडलच्या डाव्या टोकाला. सायकल जागच्या जागी फिरली आणि मी उजवीकडे, म्हणजे नेमकी रहदारीच्या बाजूला पडले. मागून येणाऱ्या रिक्षाने करकचून ब्रेक मारला. तिचं पुढचं चाक माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबलं. मडगार्डला लिंबू-मिरची बांधलेली होती, एवढं मला अगदी स्पष्ट दिसलं.

गाडीतून उतरलेला मुलगा पंचविशीचा असेल. माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता. त्याने मला उठवलं, सायकल कडेला घेतली, पाण्याची बाटली पुढे केली आणि तीनदा म्हणाला, "सॉरी काकू. खरंच सांगतो, दिसलाच नाहीत तुम्ही."

लागल्यापेक्षा त्या वाक्याचाच मला जास्त राग आला. अंगात भडक नारिंगी जाकीट, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि माझं आकारमानही काही नजरेतून सुटावं असं नाही. सकाळच्या साडेनऊच्या लख्ख उन्हात मी याला दिसले नाही? "आरशात बघितलं असतंस तर दिसले असते," असं म्हणून मी सायकल ढकलत निघाले. पुढचे तीन आठवडे मनगटाला क्रेप बँडेज आणि घरात एकच प्रश्न: आता तरी सोडणार का हा नाद?

ही जानेवारी 2023 ची गोष्ट. नाद लागून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. मुलगा शिकायला नेदरलँड्सला, डेल्फ्टला गेला आणि त्याची गिअरची सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडली. त्याच सुमारास डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टमधल्या साखरेच्या आकड्याभोवती पेनाने गोल केला. घर कोथरूड डेपोजवळ, ऑफिस शिवाजीनगरला. अंतर साडेसात किलोमीटर. चारचाकीने सकाळी चाळीस मिनिटं लागायची, त्यातली निम्मी सिग्नलला. मेट्रो मार्च 2022 मध्ये सुरू झाली होती, पण आमच्या बाजूची वनाजहून निघून गरवारे महाविद्यालयापाशीच थांबायची. शेवटी सायकल दुकानात नेली. दुकानदाराने दोन्ही ट्यूब बदलल्या, ब्रेकची रबरं नवी घातली, मागच्या चाकाचा आउट काढला आणि विचारलं, "कोण चालवणार?" मी म्हटलं, "मी." त्याने काही न बोलता सीट दोन इंच खाली घेतली.

सायकल मला नवी नव्हती. सांगलीत मी वडिलांच्या काळ्या सायकलवर शिकले, नळीखालून पाय घालून, कमरेत तिरकी होऊन. साल 1981. वडील मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांच्या सायकलच्या सीटलासुद्धा हळदीचा वास यायचा. त्या सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला होता. वर्षाला पैसे भरून तो नवा घ्यावा लागे. अंधार पडला आणि दिव्यातलं तेल संपलं असेल तर वडील घरापर्यंत सायकल हातात धरून चालत येत. बिनदिव्याचा माणूस सापडला की पोलीस दंड करायचे, नाहीतर सरळ दोन्ही चाकांची हवा सोडायचे. डबलसीट दिसलं तरी तेच. मला पुढच्या दांडीवर बसवून नेताना वडील चौक आला की उतरवायचे, चौक ओलांडला की पुन्हा बसवायचे.

1989 मध्ये मी शिकायला पुण्यात आले तेव्हा कॉलेजच्या सायकल स्टँडवर सायकल घुसवायला जागा मिळायची नाही. मग लुना आली, मग स्कूटर, आणि 2002 मध्ये चारचाकी. पुढची वीस वर्षं मी काचा वर करून पुणं पाहिलं.

काचा खाली आल्यावर, म्हणजे काचाच उरल्या नाहीत तेव्हा, तोच रस्ता परका वाटला. गाडीत बसलं की हॉर्न म्हणजे नुसता गोंगाट. सायकलवर त्यातला एकेक आवाज वेगळा कळतो. आखूड, एकच 'पिप' म्हणजे 'मी येतोय, आहात तशाच जा'. दोनदा म्हणजे 'साइड द्या'. हात न काढता दाबलेला म्हणजे 'हट'. डंपर हॉर्नच्या आधी जमिनीतून कळतो. सगळ्यात फसवी ती इलेक्ट्रिक स्कूटर. ती आवाज न करता कोपरापाशी येते आणि मग एकदम 'पिप' करते. दचकून हँडल हललं तर चूक आपली.

दुसरी शिकण्याची गोष्ट म्हणजे रस्त्याची कड. गाडीवाल्याला वाटतं, डावीकडे एवढी जागा रिकामी पडली आहे, मग ही बाई रस्त्यात कशाला येते? मलाही वीस वर्षं असंच वाटत होतं. त्या रिकाम्या जागेत काय असतं ते गाडीतून दिसत नाही. तिथे चेंबरची झाकणं असतात, कधी रस्त्याच्या वर आलेली, कधी वीतभर खाली गेलेली. वळणावर वाळू साचलेली असते. सिमेंटचा रस्ता आणि कडेचे पेव्हर ब्लॉक यांच्यामध्ये अंगठा मावेल एवढी फट असते. चारचाकीच्या टायरला तिचा पत्ताही लागत नाही, पण सायकलचं चाक तीत बसलं की ते आपण नेऊ तिकडे जात नाही, फट नेईल तिकडे जातं. आणि उभ्या गाड्यांची दारं तर सांगितलीच.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. सिग्नलला काच खाली करून एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, व्यायामच करायचाय तर टेकडीवर जा की." मी व्यायाम करत नव्हते, ऑफिसला चालले होते. पण डब्याची पिशवी कॅरिअरला बांधलेली असूनही हेल्मेट घातलेली बाई कामावर निघाली असेल, हे त्यांच्या मनात यायचं कारण नव्हतं.

कामावर सायकलने जाणारे पुण्यात अजून हजारोंनी आहेत. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नसतं, इतकंच. त्यातल्या एकाशी माझी रोज पौड फाट्याच्या सिग्नलला गाठ पडायची. साठीच्या आतबाहेरचे, खाकी शर्टावर स्वेटर, काळी जुनी सायकल, हँडलला स्टीलचा रिकामा डबा. एका बांधकामावर रात्रपाळीला वॉचमन होते, मूळचे लातूरकडचे. मी मनगट बरं झाल्यावर पुन्हा रस्त्यावर आले ती जीव मुठीत धरून, डाव्या कडेला चिकटून. चार दिवस त्यांनी ते पाहिलं आणि पाचव्या दिवशी बोलले.

"ताई, कडंला का चिकटता?"

"भीती वाटते हो."

"कडंला जो चिकटला त्याला हे रस्त्याच्या भाईर धरतेत. हातभर जागा सोडून चालवा. नीट मधी दिसा. मागचा हॉर्न मारंल, शिव्या देईल, देऊ द्या. शिव्या देतो म्हंजे त्याला आपण दिसलो."

सिग्नल सुटला आणि ते सावकाश पायडल मारत निघून गेले. त्यांच्यामागे एक मोठी गाडी हॉर्न वाजवत राहिली. त्यांनी मान वळवली नाही, कडेलाही गेले नाहीत. दहा-बारा सेकंदांनी गाडीवाल्याने इंडिकेटर दिला आणि त्यांना चांगलं अंतर ठेवून पुढे गेला. मी दुसऱ्या दिवसापासून हातभर आत आले. उभ्या गाड्यांपासून एका उघड्या दाराचं अंतर. हॉर्न वाढले, पण खेटून जाणाऱ्या गाड्या कमी झाल्या. कडेला असताना गाडीवाले माझ्या शेजारून कोपराला वारा लागेल इतक्या जवळून जायचे, कारण लेन न बदलता मी मावत होते. आत आल्यावर त्यांना मला 'ओलांडावं' लागू लागलं.

सायकलसाठी वेगळी वाट नाही का, असं कुणी विचारतं. आहे, तुकड्यातुकड्याने आहे. माझी बहीण धनकवडीला राहते. सातारा रस्त्यावर 2006 मध्ये बीआरटी आली तेव्हा तिच्याबरोबर सायकलमार्गही आले. एका रविवारी हौसेने मी त्या वाटेने तिच्याकडे गेले. दुचाकी उभ्या, मग विजेचा डबा, मग उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, मग मार्गच संपून पायरी. तीनदा सायकल उचलून मी पुन्हा रस्त्यावर उतरले. मागचा दुचाकीवाला ओरडला, "तुमच्यासाठी तिकडे केलंय ना!" त्याचंही चूक नव्हतं. त्याला मार्गाची सुरुवात दिसली होती, शेवट दिसला नव्हता.

पुणं सायकलींचं शहर होतं हे वाक्य पुण्यात दर चौथा माणूस ऐकवतो, बहुतेकदा गाडीत बसून. डिसेंबर 2017 मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच महिन्यात भाड्याच्या सायकलीही आल्या. पुढे काही दिवस चौकाचौकांत त्यांच्या रंगीत रांगा होत्या. दोन-अडीच वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. आराखडा मंजूर झाल्यावर चारच महिन्यांनी, 2018 च्या एप्रिलमध्ये, बातमी आली की पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या 36 लाखांवर गेली आणि ती शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहे. त्या 36 लाखांत सायकल एकही नाही. कायद्याने ती मोटार वाहन नाही, त्यामुळे तिला नोंदणी नाही, परवाना नाही, नंबरही नाही. वडिलांच्या सायकलचा बिल्ला मला ती बातमी वाचताना आठवला नव्हता. तो आठवला पुष्कळ उशिरा.

त्या आधी ऑगस्ट 2023 उजाडला. महिनाअखेर होती आणि मी अकाउंट्समध्ये आहे, म्हणजे उशीर परवडणारा नव्हता. पाऊस भुरभुरत होता. आनंदनगरच्या पुढे एका थांब्यावर बस उभी होती. स्टॉपच्या तोंडाशी कुणीतरी दुचाकी लावल्यामुळे बस फुटपाथपासून दोन-अडीच हात लांब राहिली होती. उजवीकडून जायचं तर रिक्षांची रांग. मी डावीकडून, बस आणि फुटपाथ यांच्यामधून घुसले.

पुढच्या दारातून एक आजी उतरत होत्या. त्यांचा एक पाय रस्त्यावर, एक पायरीवर. माझं हँडल त्यांच्या पिशवीत अडकलं आणि त्या रस्त्यावर बसल्या. पिशवीतले टोमॅटो घरंगळत बसखाली गेले. त्या पावसाळ्यात टोमॅटोने शंभरी ओलांडली होती, म्हणून तेवढं लक्षात राहिलं. मी सायकल टाकून त्यांना धरलं आणि म्हणाले, "दिसलाच नाहीत हो आजी तुम्ही!"

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझ्याच कानांना ते ओळखीचं लागलं.

आजी म्हणाल्या, "मी काय मुंगी आहे का गं बाई? बस थांबली म्हणजे माणसं उतरणार, एवढं कळत नाही?"

हाडाला काही झालं नव्हतं, कोपर खरचटलं होतं. मी त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेलं, ड्रेसिंग करून घरी सोडलं. त्यांच्या सुनेने चहा दिला. तो प्यायला मला फार जड गेला. त्या मुलाने नळस्टॉपला पुढे केलेली पाण्याची बाटली आठवत होती.

तिथे बसचा ड्रायव्हरही खाली उतरला होता. तो एवढंच म्हणाला होता, "मॅडम, डावीकडून कोण येतं?" मी घाईघाईत काहीतरी उलट बोलले. आमच्या घराजवळच त्या बसचा शेवटचा थांबा. आठवड्याने तो मला डेपोपाशी, सुटायच्या वेळेची वाट बघत, स्टिअरिंगवर पेपर पसरून बसलेला दिसला. मी सायकल थांबवून म्हटलं, "त्या दिवशी चूक माझी होती. पण तुम्हालाही आम्ही दिसत नाही, हे खरं की नाही?"

त्याने पेपरची घडी केली. "चढा वर," म्हणाला. "बसा इथे." मला आपल्या जागेवर बसवलं, चावी खिशात टाकली आणि कंडक्टरला हाक मारली, "अरे, मॅडमची सायकल घे आणि पुढच्या दारापाशी उभा राहा."

बस चालवायच्या जागेवर बसलं की पहिल्यांदा वाटतं, वा, केवढं दिसतंय! समोर काचेची भिंत, खाली सगळा रस्ता. "डावीकडे बघा," तो म्हणाला. मी बघितलं. दार, दाराची दांडी, तिकीट काढायला उभी असणारी माणसं नव्हती तरी त्यांची जागा. "आरशात बघा." आरशात फुटपाथ, एक झाड, पानाची टपरी. कंडक्टर नाही, सायकल नाही. "ए, मागे सरक," तो ओरडला. दोन हात मागे गेल्यावर आरशाच्या कोपऱ्यात माझ्या हँडलचं एक टोक आलं. "आणखी." मग कंडक्टरचा खांदा आला. "आता पुढे ये, एकदम बंपरपाशी." तो पुन्हा नाहीसा झाला, डोक्याच्या केसांसकट. माझ्यापासून आठ-नऊ फुटांवर एक अख्खा माणूस सायकल धरून उभा होता आणि माझ्या दृष्टीने तो जगात नव्हता.

"आता मी डावीकडे वळवली तर?" ड्रायव्हर म्हणाला. "पुढचं चाक ज्या वाटेने जातं, त्या वाटेने मागचं जात नाही. ते आत कापत येतं. कोपऱ्यावर डावीकडे जो उभा, तो गेला. म्हणून म्हणतो, बसच्या डाव्या अंगाला राहायचं नाही. एक तर पुढे जाऊन समोर उभं राहा, नाहीतर मागे थांबा."

मी विचारलं, "आणि जिथून दिसतो, तिथे?"

तो हसला. "खरं सांगू? समोर टू-व्हीलरवाले, उजवीकडे रिक्षा, डावीकडे स्टॉप, मागे वेळ लागलेली. डोळे दोनच. मग जो आपल्याला लागेल त्याच्याकडे आधी बघायचं. डंपर आला तर डंपर. सायकलवाला काय लागणार आपल्याला?"

कंडक्टरने घंटी मारली. मी उतरले.

'लागेल त्याच्याकडे आधी बघायचं' हे त्या दिवशी ऑफिसात व्हाउचर तपासतानाही डोक्यातून जाईना. चारचाकीत असताना मला आजवर ज्या गाड्यांनी भिववलं त्या सगळ्या आठवत होत्या: एक्स्प्रेसवेवर मागे लागलेला कंटेनर, राँग साइडने आलेला टँकर. सायकलवाले आठवायचा प्रयत्न केला. वीस वर्षांत किती सायकलींना मी ओलांडलं असेल? दिवसाला दहा, वर्षाचे तीनशे दिवस. 60,000 होतात. त्यातला एकही चेहरा आठवेना. कारण त्यातला कुणीही मला लागला नसता. आणि त्या आजी मला लागणार नव्हत्या, म्हणून मी बसच्या डावीकडे घुसताना दाराकडे बघितलंच नाही. त्या पांढऱ्या गाडीतला मुलगा खोटं बोलत नव्हता. मीही बोलले नव्हते.

तेव्हा बिल्ला आठवला. वडिलांच्या सायकलची हवा पोलीस सोडायचे याचा लहानपणी मला राग यायचा. पण ज्या सायकलला कर होता, दिव्याची सक्ती होती, दंड होता, ती पोलिसाच्या नजरेत होती, म्हणजे रस्त्याच्या हिशोबात होती. आता मी बिनदिव्याची, डबलसीट, उलट्या दिशेने गेले तरी मला कुणी हटकत नाही. आणि ही मोकळीक मी वापरलीही. यू टर्न लांब पडतो म्हणून मेट्रोच्या खांबांच्या कडेने दीड-दोनशे मीटर राँग साइडने मी कितीदा तरी गेले आहे. त्या बाजूने काही येईल हे समोरून येणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं. तरी मी त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची की त्याने मला बघावं.

मुलाला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, इथे दार लांबच्या हाताने उघडायला शिकवतात. तिकडे तू उजवीकडे बसतेस ना, मग डाव्या हाताने उघडून बघ." मी म्हटलं, तुमचं काय, तो देशच सायकलींचा. त्यावर त्याने मला गप्प केलं. पन्नास वर्षांपूर्वी तिथेही गाड्यांसाठी रस्ते रुंद होत होते, सायकली कमी होत होत्या. एकट्या 1971 मध्ये त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर 3,000 च्या वर माणसं मेली, त्यांत 400 हून जास्त मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं 'मुलांच्या हत्या थांबवा'. 1973 मध्ये तेलटंचाई आली, रविवारी गाड्या बंद झाल्या आणि लोकांनी आपलाच रस्ता रिकामा पाहिला. आज तिथे गाडीने सायकलला उडवलं तर भरपाईचा भार बहुतेक वेळा गाडीवाल्यावरच येतो. म्हणजे सायकलवाला तिथेही गाडीला लागत नाही, पण कायद्यामुळे खिशाला लागतो. "म्हणून बघतात," मुलगा म्हणाला.

आपल्याकडे असं होईल तेव्हा होईल. मी माझ्यापुरत्या चार सवयी लावून घेतल्या. बसला डावीकडून ओलांडायचं नाही, महिनाअखेर असली तरी. सिग्नलला मोठ्या गाडीच्या अंगाला उभं न राहता तिच्या समोर, काचेत पूर्ण दिसेल असं थांबायचं. खड्डा चुकवायचा असेल तर आधी हात दाखवायचा, मग हँडल. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली असतो, म्हणून पाणी दिसलं की हात बाहेर. आणि वळायच्या आधी मागच्या माणसाच्या डोळ्यांत बघायचं. नुसतं मागे वळून नाही, अगदी डोळ्यांत. नजरेला नजर मिळाली की हॉर्नवरचा हात निघतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. काळी काच असेल तर डोळे दिसत नाहीत. तिथे मी पाय टेकते आणि त्याला जाऊ देते.

एकदा नोव्हेंबरात परतताना माझा मागचा लाल दिवा गेला. सकाळी पौड रस्ता उतार असतो, संध्याकाळी तोच चढ. वेग कमी, अंधार पडलेला. एक रिक्षा बरोबरीला आली. "ताई, मागची लाइट गेलीय तुमची." मी म्हटलं, आता काय करणार, हळूहळू जाते. तो पुढे गेला नाही. मागे झाला आणि माझ्या वेगाने येत राहिला. त्याच्या मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, त्या शिव्या माझ्यावतीने तो खात होता. आमच्या गल्लीपाशी मी हात दाखवून वळले आणि आभार मानायला थांबले, तर रिक्षा केव्हाच पुढच्या चौकात गेली होती. रिक्षांबद्दल पुण्यात जे काही बोललं जातं ते मीही बोलते. त्या दिवसापासून जरा कमी बोलते.

वॉचमनकाका आता दिसत नाहीत. इमारत पूर्ण झाली असेल, काम दुसरीकडे लागलं असेल. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, याची रुखरुख आहे. मेट्रो आता गरवारेच्या पुढे गेली आहे. फार पाऊस असेल त्या दिवशी मी मेट्रोने जाते. एरवी सायकल.

चारचाकी विकलेली नाही. रविवारी ती बाहेर निघते. मागच्या महिन्यात कर्वे रस्त्यावर एका दुकानासमोर मी गाडी लावली. नवरा शेजारी बसला होता. मी इंजिन बंद केलं आणि डावा हात उजवीकडच्या दाराच्या कडीकडे नेला. असं करताना खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि नजर आपोआप काचेतून मागे जाते.

"हे कसलं योगासन?" नवरा म्हणाला.

मागून एक सायकल येत होती. कॅरिअरवर इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं, त्यावर पांढरी चादर गुंडाळलेली. मुलगा विशीचा असेल. ओठांवर नुकती फुटलेली मिशी, कानात एक बाळी, उजव्या भुवईत जुन्या जखमेची खूण, पायात निळ्या स्लिपर. तो कुणाशी तरी बोलल्यासारखा एकटाच गाणं म्हणत होता. माझ्या दारापासून हातभर अंतरावरून तो गेला आणि त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

मग मी दार उघडलं.